शब्द छापले, चाल राहिली

स्तवनांचे एखादे जुने पुस्तक उघडले, की प्रत्येक स्तवनाच्या माथ्यावर बारीक टाइपातली एक ओळ दिसते. कुठे रागाचे नाव असते, तर कुठे अमुक गीताची 'देशी' असा निर्देश असतो. बहुतेकांची नजर त्या ओळीवरून घसरून सरळ पहिल्या चरणावर जाते, कारण तिथे ज्या गीताचा उल्लेख असतो ते गीत आज कोणालाच येत नाही. ज्या काळी ती ओळ लिहिली गेली, त्या काळी मात्र पुस्तकातली तीच सर्वांत उपयोगाची ओळ होती. ती वाचताच श्राविकेला चाल आठवे आणि ती लगेच गाऊ लागे.

देशी म्हणजे लोकांच्या तोंडी आधीच रुळलेली चाल. साधू-मुनी चातुर्मासासाठी एखाद्या गावी राहत. तिथल्या स्त्रिया दळताना, लग्नघरी, गरब्यात, पाळण्याशी जे गात असत ते त्यांच्या कानी पडे. त्याच चालीवर ते तीर्थंकरांचे गुणगान रचत. शब्द नवे, चाल ओळखीची. त्यामुळे शिकवावे लागे ते अर्धेच. मुंबईतील वकील मोहनलाल दलीचंद देसाई यांनी 'जैन गुर्जर कविओ' हा ग्रंथ १९२६ ते १९४४ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात अशा देशींची एक प्रदीर्घ सूचीही दिली. वकिली सांभाळून हस्तलिखितांचे गठ्ठे धुंडाळणाऱ्या या गृहस्थाचे ऋण समाजावर मोठे आहे. त्या सूचीत भक्तिगीते आहेत, तशी विरहाची, सासुरवासाची आणि शृंगाराचीही गीते आहेत. आज ती सूची वाचताना आनंद होतो आणि खिन्नताही येते. नावे सारी आहेत. त्यांतील बहुतेकांच्या चाली मात्र गेल्या. शब्द छापता आले, चाल छापली गेली नाही.

मुलांना नवे काय ऐकवावे, हा प्रश्न हल्ली तरुण आईवडील पाठशाळेच्या शिक्षिकांना वारंवार विचारतात. त्याचे उत्तर शोधताना ही बारीक टाइपातली ओळ आधी ध्यानात घ्यावी. घरातल्या आजीला, कुठे तिला 'बा' म्हणतात तर कुठे 'दादीसा', अशी पंचवीस-तीस स्तवने आणि सज्झाय तोंडपाठ असतात. त्यांची वही कपाटात असते, पण ती गुजराती लिपीत असते. नातवंडे मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली, त्यांना ती लिपी वाचता येत नाही. उद्या कोणी ती वही देवनागरीत उतरवून छापली, तरी ती कशी गायची हे तिच्यात सापडणार नाही. नातवाच्या दृष्टीने बाजारात आलेल्या कोणत्याही गाण्याइतकेच हे गाणे नवे आहे, आणि ते शिकवणारी व्यक्ती शेजारच्या खोलीत बसलेली आहे.

याचा अर्थ जुने तेवढेच घ्यावे असा नाही. आज जे परंपरेचे वाटते तेही कधीतरी नवेच होते. दिगंबर घरांत नित्यपाठासारखी म्हटली जाणारी 'मेरी भावना' पंडित जुगलकिशोर मुख्तार यांनी विसाव्या शतकात रचली. मैत्री, प्रमोद, करुणा आणि माध्यस्थ्य या चार भावनांवरचे, गुजरातच्या कित्येक शाळांत प्रार्थना म्हणून गायले जाणारे गीत चित्रभानूंनी मुनी अवस्थेत लिहिले. तेही त्याच शतकातले. दुसऱ्या टोकाला विनयप्रभ उपाध्यायांचा 'गौतमस्वामी रास' आहे. तो विक्रम संवत १४१२ मधला, म्हणजे साडेसहाशे वर्षांहून जुना. कार्तिक शुद्ध प्रतिपदेच्या पहाटे, नव्या चोपड्यांवरचे कुंकू अजून ताजे असताना, तो आजही ऐकला जातो. या रचना टिकल्या, कारण दरवर्षी ठरलेल्या दिवशी त्या कोणीतरी मोठ्याने म्हटल्या आणि शेजारी लहान मूल बसलेले होते.

सिनेगीतांच्या चालीवरील स्तवनांचा वाद येथे उपस्थित होतोच. पर्युषणातल्या भावनेत एखादा गायक गाजलेल्या चित्रपटगीताची चाल उचलतो, तरुण मंडळी टाळ्यांचा ठेका धरतात आणि ज्येष्ठांच्या कपाळावर आठी पडते. ज्येष्ठांचा राग समजण्यासारखा आहे. पण चाल उसनी घेणे हाच दोष मानला, तर तो कित्येक पूज्य कवींच्या माथी येईल. खरी कसोटी वेगळी आहे. उसनी चाल आपल्या मूळ घरातून निघून नव्या घरी नांदायला आली का? गरब्याच्या देशीवर स्तवन रचले गेले, दोन पिढ्यांनी ते गायले, आणि पुढे लोकांना ती चाल त्या स्तवनाचीच वाटू लागली. चित्रपटगीताला हे अवघड जाते, कारण मूळ गाणे पडद्यावरच्या चित्रासह रोज पुन्हा पुन्हा समोर येत राहते. सात वर्षांचे मूल 'शांतिनाथ' म्हणत असते आणि त्याच्या डोळ्यांपुढे नायकाचे नृत्य असते. त्यात त्या मुलाचा काही अपराध नाही.

दुसरी बाब व्यवहाराची आहे आणि व्यापारी घराला ती अधिक स्पष्ट करून सांगण्याची गरज नसावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. धार्मिक विधीच्या प्रसंगी केलेल्या गायनाला कायद्याने सूट दिली आहे. परंतु तीच चाल ध्वनिमुद्रित करून मंडळाच्या नावाने प्रसारित करणे किंवा विकणे ही वेगळी गोष्ट. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान. तिसऱ्या अणुव्रताचा हा विषय मुलांच्या गाण्यापाशी येऊन थांबतो, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. त्यापेक्षा गावातल्या एखाद्या होतकरू संगीतशिक्षकाला योग्य मानधन देऊन पाठशाळेसाठी दोन नव्या चाली बांधून घेतल्या, तर खर्च एका स्वामीवात्सल्याच्या मिठाईइतकाही होणार नाही, आणि चाल आपली होईल.

नव्या गाण्यांचा शोध बहुतांश घरांत आता फोनवर होतो. तिथे शोध घेणारा कोण, हे पाहण्यासारखे आहे. आई एक स्तवन लावून स्वयंपाकघरात जाते. ते संपताच यंत्र आपणहून दुसरे लावते, मग तिसरे. पाचव्या गाण्यापर्यंत मूल कुठे पोहोचले असेल हे घरातल्या कोणीही ठरवलेले नसते. नमुना हातात घेऊन पाहिल्याशिवाय धान्याचे एक पोते न उचलणाऱ्या घरात मुलाच्या कानात जाणारा माल मात्र बिनपारखी येतो. पारख अवघड नाही. ऐकवायची गाणी आधी स्वतः पूर्ण ऐकावीत, आवडलेली उतरवून ठेवावीत, आणि फोनचा पडदा खाली करून केवळ आवाज ऐकवावा. चित्र दिसत असले की मूल पाहते. चित्र नसले की गुणगुणू लागते. हा फरक कोणत्याही घरात एका संध्याकाळी ताडून पाहता येईल.

पारख करताना स्वराची उंचीही पाहावी. ध्वनिमुद्रित स्तवनांत पुरुष गायकांचा भरणा मोठा आहे आणि ते बहुधा काळी एक, पांढरी दोन अशा पट्टीत गातात. लहान मुलांचा आवाज स्त्रियांच्या पट्टीच्या जवळचा, काळी चार किंवा पांढरी पाचच्या आसपासचा असतो. खालच्या पट्टीतल्या गाण्याबरोबर गाताना मूल एक तर घोगरे होते किंवा वर उडी मारून किंचाळते, आणि मग घरातले म्हणतात, 'याला गळा नाही.' गळा असतो. पट्टी चुकलेली असते. त्याच मुलाला आजीबरोबर बसवले की ते सुरात येते, कारण आजीची पट्टी त्याला पेलते. आवाजाच्या मोठेपणाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुरक्षित श्रवणाचे जे मापदंड घातले, त्यांत प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी तितकेच तास ७५ डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. भावनेच्या रात्री मंडपातल्या कर्ण्यासमोर पहिल्या रांगेत मुलांना बसवणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे आकडे मनात ठेवावेत. चतुरिंद्रिय जिवांची काळजी वाहणाऱ्या समाजात स्वतःच्या मुलांचे पाचवे इंद्रिय विसरले जाणे बरे नव्हे.

शोधायचे कुठे, याचे एक उत्तर छंदांत दडलेले आहे. मानतुंगाचार्यांचे भक्तामर स्तोत्र श्वेतांबर परंपरेत ४४ आणि दिगंबर परंपरेत ४८ श्लोकांचे. दोन्हीकडे वृत्त मात्र एकच, वसंततिलका. चरणात १४ अक्षरे आणि चार चरणांचा श्लोक. मराठी शाळेतल्या व्याकरणाच्या तासाला वृत्ते शिकवतात त्यांत वसंततिलका हटकून असते. मुले गणांची अक्षरे घोकतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. घरी सकाळी जे ऐकतो तेच हे, असे त्यांना कोणी सांगत नाही. शेजारच्या घरातून पहाटे येणारे वेंकटेश सुप्रभातमही बहुतांशी याच वृत्तात आहे. कल्याणमंदिर स्तोत्राचेही अखेरचा श्लोक वगळता तेच. एका वृत्ताची चाल मुलाच्या जिभेवर बसली, की त्याला एका गाण्याऐवजी साऱ्या दालनाचीच किल्ली मिळते. एका दिवाळीच्या सुट्टीत दहा वर्षांच्या मुलामुलींनी टाळी वाजवत ही १४ अक्षरे लघु-गुरूंसह म्हणून पाहावीत. व्याकरणाचे गुण वाढतील, हा त्यातला किरकोळ लाभ.

मुलांना देवाचीच गाणी द्यावीत, असा हट्ट काही घरांत असतो. तो सोडलेला बरा. मुलाला हसवणारे, अर्थाला फारसे न जुमानणारे, शब्दांशी खेळणारे गाणेही हवे असते, आणि मराठीत त्याची श्रीमंती मोठी आहे. १९५३ सालच्या 'देवबाप्पा' चित्रपटातले ग. दि. माडगूळकरांचे आणि पु. ल. देशपांडे यांनी चाल दिलेले मोराचे गाणे आशा भोसले यांच्या आवाजात तीन पिढ्यांनी ऐकले आहे. राजा मंगळवेढेकरांच्या शब्दांना मीना खडीकरांनी दिलेल्या चाली, पुढे संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचे 'अग्गोबाई ढग्गोबाई', हे सारे घरात असावे. शिवाय या गाण्यांत एक गोष्ट अनायासे साधते. मराठी बालगीतांच्या जगात मुंगी, चिमणी, कावळा, मनीमाऊ ही सारी बोलणारी, रुसणारी, घर असलेली माणसे आहेत. मुंगीला घर असते हे गाण्यातून कळलेल्या मुलाला जीवदयेचा पाठ वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

खानदेशातल्या वाचकांना याच संदर्भात बहिणाबाई चौधरी आठवतील. जळगावजवळच्या आसोद्याच्या या शेतकरी स्त्रीला अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात तिला जे सुचे ते ती गाई. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या आप्तांनी त्यातले काही कागदावर टिपून ठेवले. ती १९५१ साली गेली आणि आचार्य अत्रे यांच्या आग्रहाने १९५२ साली ते पुस्तकरूपाने आले. सुगरणीच्या खोप्याची तिची कविता आज प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. घरातल्या कोणी लिहून घेतले नसते, तर त्या खोप्याची काडीही उरली नसती. जळगाव-भुसावळच्या पेढ्यांवर बसणाऱ्या कुटुंबांच्या घरीही त्या काळी अशा गाणाऱ्या स्त्रिया होत्याच. त्यांच्याजवळ कागद घेऊन कोणी बसले नाही.

व्यापाऱ्याच्या घरात वेळ कुठला, असे यावर सहज म्हटले जाते. बनारसीदास (१५८६–१६४३) हे जवाहिऱ्याच्या घराण्यातले श्रावक. त्यांनी १६४१ साली 'अर्धकथानक' या आत्मकथेत आपल्या धंद्यातले नफे-तोटे रोकड-खतावणीच्या प्रामाणिकपणाने मांडले आहेत. आग्र्यात व्यापारात सारे बुडाल्यावर ते रात्री घरी 'मधुमालती' आणि 'मृगावती' या कथाकाव्यांचे पठण करीत. दहा-वीस माणसे ऐकायला जमत. त्यांत एक कचोरीवाला होता आणि कित्येक महिने बनारसीदासांचे जेवण त्याच्या उधारीच्या कचोऱ्यांवर चालले. ही उधारी त्यांनी पुढे फेडली, हेही ते नोंदवायला विसरत नाहीत. धंदा तेजीत असताना गाण्याला फुरसत झाली असती की नाही, कोण जाणे.

आजच्या घरातला वेळ मात्र ठरलेला आहे. चौविहार पाळणाऱ्या घरी मुलांचे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकते. दुकानाचे शटर खाली यायला नऊ वाजतात. मधले दोन-अडीच तास गृहपाठ आणि फोन यांच्या वाट्याला जातात. यातली पंधरा मिनिटे आजीकडे वळवता येतात. वडिलांचा वाटा रविवारी सकाळी, देरासरच्या किंवा स्थानकाच्या वाटेवर, गाडीत. तिथे गायला लाजू नये. बापाचा बेसूर आवाज मुलाला बेसूर वाटत नाही. तो बापाचा वाटतो. महिन्याला एक गाणे पुरे. वर्षाला बारा होतात, आणि पाठशाळेतून बाहेर पडेपर्यंत त्या मुलाजवळ आजीइतकी पुंजी जमते.

पाळणागीताने आरंभ केला तर फारच उत्तम. दीपविजय कवींनी रचलेले महावीरस्वामींचे हालरडे मूर्तिपूजक श्वेतांबर घरांत पर्युषणात जन्मवाचनाच्या दिवशी गायले जाते. पाळणा ज्याच्या घरी जातो, तिथे रात्री स्त्रिया तो हलवत हे गातात. त्यात त्रिशलामाता बाळाला झोपवताना आजोळच्या आणि सासरच्या नातलगांची नावे घेते, कोण काय खेळणी आणील ते सांगते, शाळेत कशी पाठवीन, लग्न कसे लावीन याची स्वप्ने रंगवते. तीर्थंकराची आई इतकी घरातली वाटावी, अशी दुसरी रचना क्वचितच सापडेल. पण वर्षातून एकच दिवस आणि लाकडी पाळण्यासमोर ते गायले जाते, हे नवल आहे. घरात खरे बाळ असते. त्याला झोपवायला मात्र इंग्रजी अंगाईची ध्वनिफीत लागते. स्थानकवासी घरांत तिलोकऋषींची पदे, नातेपुते-दहिगावच्या परिसरातील दिगंबर घरांत महतिसागरांचे मराठी अभंग आणि आरत्या, असा ज्याचा त्याचा ठेवा निराळा आहे. मराठीतच बोलणाऱ्या मुलांसाठी महतिसागरांच्या रचना विशेष सोयीच्या. भाषांतराची पायरी मध्ये येत नाही.

चाल जपण्याचे काम फार मोठे नाही. पंडित भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून बंदिशी मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. चालही कागदावर उतरते हे त्यांनी दाखवून दिले. पाठशाळेत पेटी वाजवणारे कोणी असेल, तर त्याने आजीच्या स्तवनाचे सारेगम लिहून घ्यावे. नसेल, तर हातातला फोन पुरे. दुपारी पंखा बंद करून, खिडकी लावून, फोन हातभर अंतरावर ठेवून आजीला गायला सांगावे. सुरुवातीला ती 'आता कुठला आवाज' म्हणेल. नातू शेजारी बसला तर गाईल. मध्ये खोकला आला, एखादे कडवे विसरले, तर ते तसेच राहू द्यावे.

मुद्रणाला नाव देताना केवळ स्तवनाचे नाव लिहून भागत नाही. चाली बहुधा माहेरच्या असतात. एकच स्तवन राधनपूरच्या घरात एका चालीत, बिकानेरच्या घरात दुसऱ्या आणि लातूरला स्थायिक झालेल्या घरात तिसऱ्याच चालीत ऐकू येते, आणि सुनांबरोबर या चाली गावोगाव फिरतात. म्हणून स्तवनाचे नाव, गाणारीचे नाव, ती चाल कोणाकडून शिकली आणि कोणत्या गावी, एवढे चार तपशील आधी तिच्याच आवाजात बोलवून घ्यावेत आणि मग गाणे सुरू करावे.